पावस ते मालवण : सड्यावरच्या कच्च्या वाटांनी ग्रॅव्हल सायकल न्यावी का, आणि नेलीच तर कशी?

कच्चीवाट (पुणे) यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पाच जण पावसहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत ग्रॅव्हल सायकलवर (कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) जाण्याचा बेत आखत आहोत. सर्वांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा सराव आहे आणि दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर कापण्याची कोणालाच घाई नाही. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग आमच्यापैकी बहुतेकांनी या ना त्या टप्प्यात पाहिलेला आहे. या खेपेस डांबर जितके टाळता येईल तितके टाळावे आणि सड्यावरच्या (जांभ्या कातळाच्या सपाट पठारावरच्या) बैलगाडीच्या वाटा, आमरायांमधले मातीचे रस्ते, खाडीकाठचे बांध आणि जमल्यास ओहोटीच्या वेळची घट्ट पुळण (वाळूचा किनारा) यांची जोडणी करत जावे, असे मनात आहे.

उपग्रहाच्या छायाचित्रांत अशा वाटांचे जाळे दिसते. पण त्यांतली कोणती वहिवाटीची, कोणती एखाद्याच्या खासगी बागेत जाऊन संपणारी आणि कोणती पावसाने मोडून गेलेली, हे घरबसल्या कळत नाही. त्याहून अधिक काळजीची बाब दुसरीच आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी प्रदेशांची जी यादी आहे तीत महाराष्ट्रातली दोन नावे आहेत, मालवण आणि आचरा-रत्नागिरी. म्हणजे आमचा जवळजवळ सगळा मार्ग त्यात येतो. वाटेत कासवांच्या विणीच्या पुळणी आहेत, कांदळवने आहेत, सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि शेवटी मालवणचे सागरी अभयारण्य आहे. सायकलला धूर नाही, आवाज नाही, म्हणून ती कुठेही नेली तरी चालते असे गृहीत धरणे मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की परवानगी कोणाची घ्यावी लागते, कोणत्या ठिकाणी सायकल मुळीच नेऊ नये, जांभ्याच्या खडीवर कोणते टायर टिकतात आणि आमच्या मार्गाची जीपीएस नोंद नंतर सर्वांसाठी खुली करणे योग्य ठरेल का, या मुद्द्यांवर आपला अनुभव सांगावा. सध्या आमच्या सायकलींना ३८ मिलिमीटरचे टायर आहेत.

सड्यावरचा (रत्नागिरी) यांचे उत्तर :

आपण परवानगीचा प्रश्न आधी विचारलात हे बरे झाले, कारण येथे एका कार्यालयात अर्ज देऊन काम संपत नाही. आपण उल्लेखलेली अधिसूचना प्रामुख्याने बांधकाम, भराव, खाणकाम अशा गोष्टींचे नियमन करते. वहिवाटीच्या वाटेने जाणाऱ्या सायकलस्वाराला तिच्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली घोषित झालेल्या अभयारण्यात शिरायचे असेल तर गोष्ट वेगळी. उद्या आपण रायगडातल्या फणसाडला गेलात, तर वनखात्याच्या परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे, २९.१२ चौरस किलोमीटरचे असून त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरात आहे, त्यामुळे आपल्या रस्त्याशी त्याचा संबंध जवळजवळ येत नाही.

खरी परवानगी गावाची. सडा मोकळा दिसतो म्हणून तो सरकारी पड जमीन असावी असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात आमच्याकडचे बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत, अनेक घरांच्या सामाईक नावावर आहेत, त्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते आणि पावसाळ्यात खळग्यांमधून नाचणी-भातही होते. त्यातच २०२३ मध्ये बारसू-सोलगावच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा केवढे आंदोलन उभे राहिले ते आपण वाचले असेलच. तेव्हापासून सड्यावर अनोळखी माणसे हातात यंत्र घेऊन फिरताना दिसली की लोक साशंक होतात, आणि त्यात त्यांचे काहीही चुकत नाही. आदल्या दिवशी पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत फोन करून कोण, किती जण, कोणत्या वाटेने जाणार हे सांगून ठेवावे. ड्रोन घरीच ठेवावा.

मार्गाविषयी. पावसहून पूर्णगडपर्यंत रस्ता डांबरी आहे आणि तो तसाच धरावा. मधल्या पायवाटा म्हणजे वाड्यावाड्यांना जोडणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या आहेत, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि लोकांच्या अंगणातून जावे लागते. पूर्णगडच्या पुलावरून मुचकुंदी ओलांडली की गावखडी. तेथून कशेळीच्या बाजूला घाटी चढून सड्यावर आलात की आपल्याला हवा तसा प्रदेश सुरू होतो: करड्या-काळ्या कातळावरून जाणारी लाल मातीची दुपदरी चाकोरी, दोन्ही बाजूंना डिसेंबरात पिकून पिवळे पडलेले गवत आणि पश्चिमेला सड्याची कड संपते तिथे थेट समुद्र. कशेळीचे कनकादित्याचे देऊळ, पुढे आडिवऱ्याची महाकाली, मग नाटे आणि आंबोळगड हा टप्पा एका दिवसात आरामात होतो. त्यात कच्चा भाग निम्म्याहून कमीच मिळेल, आणि तेवढ्यावर समाधान मानावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धोक्याचे. उपग्रहाच्या छायाचित्रात सड्यावरची जी वाट सर्वांत रुंद, सरळ आणि मोहात पाडणारी दिसते, ती बहुतेक वेळा चिऱ्यांच्या, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या दगडांच्या, ट्रकने पाडलेली असते आणि ती चिरेखाणीशी जाऊन संपते. यंत्राने चिरे कापून काढल्यामुळे खाणीच्या भिंती ताशीव उभ्या असतात, खोली दोन-दोन पुरुष असते, काठाला ना कुंपण ना दगडांची रांग. बंद पडलेल्या खाणीच्या अगदी कडेपर्यंत गवत वाढते आणि हिवाळ्यातही तळाला हिरवे पाणी साचलेले असते. वेगात येणाऱ्या सायकलस्वाराला ती कड दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. म्हणून चाकोरीत ताज्या लाल धुळीवर ट्रकच्या जोडचाकांचे ठसे दिसू लागले की मागे वळावे. संध्याकाळनंतर सड्यावर सायकल चालवूच नये.

कातळशिल्पांविषयी एवढेच सांगतो की कशेळीची सुमारे १८ मीटर लांबीची हत्तीची आकृतीसुद्धा जवळ जाईपर्यंत डोळ्यांत भरत नाही, कारण ती सपाट कातळात कोरलेली आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, सोबत मालवण तालुक्यातले कुडोपी आणि गोव्यातले फणसमाळ. पण नोंद न झालेल्या, मातीखाली अर्ध्या झाकलेल्या आकृत्या कितीतरी सड्यांवर आहेत. चाकोरी सोडून उघड्या कातळावर सायकल घातली, तर आपण कशावरून गेलो हे आपल्याला कळणारही नाही. शिल्प पाहायचे असल्यास सायकल गडग्याला (रचलेल्या दगडांच्या कुंपणाला) टेकवून चालत जावे.

खाडीकाठ (आचरा परिसर) यांचे उत्तर :

वरच्या उत्तरात रत्नागिरीच्या बाजूचे आले आहे, म्हणून मी देवगडपासून खालचे सांगते. जैतापूरहून पुढे माडबनच्या सड्याकडे वळू नये; तो अणुऊर्जा प्रकल्पासाठी संपादित झालेला असून कुंपणाच्या आत आहे. वाघोटनच्या पुलापर्यंत आणि तिथून पडेलमार्गे देवगडपर्यंत डांबरी रस्त्याने निमूट यावे. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने कुणकेश्वर, पुढे मिठबाव, मुणगे, आचरा, तोंडवळी हा पट्टा शांत आहे आणि आमराया व माडबागांमधून जाणारे मातीचे रस्तेही त्यात पुष्कळ आहेत.

आमरायांची एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. डिसेंबरात हापूसला मोहोर येत असतो आणि बागांमध्ये फवारणी चालू असते. पंपाचा आवाज आला किंवा औषधाचा वास आला तर थांबून, फवारणाऱ्यांना हाक मारून, ते सांगतील त्या बाजूने जावे. बागेच्या गडग्याला बेडे (कुंपणाचे फाटक) लावलेले असेल तर आतली वाट खासगी आहे असेच समजावे. राखणदार बहुधा नेपाळी कुटुंबे असतात, माणसे अतिशय अगत्यशील असतात, पण त्यांच्या कुत्र्यांना सायकलचे फिरते चाक मुळीच खपत नाही. उतरून सायकल हाती धरून चालले की कुत्री शांत होतात.

पुळणीविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री पुळणीवर येते आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. मिठबाव, मुणगे, तोंडवळी, तळाशील या सगळ्या पुळणींवर घरटी मिळतात. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने जे काम सुरू केले ते पुढे किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरले, आणि आता बऱ्याच गावांत वनखात्याशी जोडलेले कासवमित्र आहेत. हा माणूस पहाटे, तांबडे फुटायच्या आत पुळणीवर चालत असतो. वाळूवर मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा जो दुहेरी माग उमटतो, त्यावरून तो घरटे शोधतो आणि अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवतो. तो माग वाऱ्याने थोड्याच वेळात पुसट होतो. त्यावरून पाच सायकली गेल्या तर उरलेलाही पुसला जाईल, घरटे सापडणार नाही आणि कोल्हे-कुत्रे ते उकरतील. घरट्यावरून चाक गेले तर वरची वाळू दाबली जाते ते वेगळेच.

म्हणून पुळणीवर जायचेच असेल तर सकाळी उशिरा, कासवमित्र फिरून गेल्यानंतर, ओहोटी लागलेली असताना आणि फक्त भरतीच्या रेषेच्या खालच्या ओल्या, घट्ट वाळूवरून जावे. खाली उतरताना मर्यादावेलीच्या पट्ट्यातून सायकल चालवू नये. कोळी लोकांच्या रोजच्या पायवाटेने ती ढकलत न्यावी, कारण त्या वेलीच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर तिचा दोर पुळणीवर आडवा ताणलेला असतो. तो ओलांडायचा नाही, उचलायला सांगायचा नाही. रापण वर येईपर्यंत थांबायचे, आणि ओढायला हात लावलात तर कोणी नको म्हणणार नाही.

तळाशीलची पट्टी, म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली ती अरुंद वाळूची जीभ, पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. तिच्या टोकाला हिवाळ्यात कुरव आणि चिखलपक्षी मोठ्या थव्यांनी विसावलेले असतात. लांबून प्रवास करून आलेल्या या पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उडवले की त्यांची भरतीच्या वेळची विश्रांती जाते. रस्ता संपतो तिथे सायकल ठेवावी.

खाडीकाठच्या बांधांना माझा ठाम नकार आहे. खारबंदिस्तीचा, म्हणजे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला, बांध मातीचा असतो, त्याच्या खाडीकडच्या अंगाला दगड लावलेले असले तरी माथा मऊ असतो आणि खेकड्यांच्या बिळांनी आतून पोखरलेला असतो. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या झडपेच्या, दाराशी तर तो सर्वांत नाजूक. सायकलचे वजन फारसे नसते हे मला मान्य आहे, पण चाकोरी पडली की तिच्यातून पाणी वाहते, पाणी वाहिले की घळ पडते, आणि एखाद्या उधाणाला बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की पुढची काही वर्षे तिथे भात धड येत नाही. बांधाच्या पलीकडचे कांदळवन तर कायद्याने संरक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर त्याच्या भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही कडक नियमांखाली येतो. बांधावरून चालावे, पक्षी पाहावेत. सायकल गावातल्या रस्त्यावर ठेवावी.

जीपीएस नोंद खुली करू नये, असे मला वाटते. आज आपण पाच जण याल आणि जपून जाल. त्या रेषेवरून पुढच्या हंगामात पन्नास जण येतील, आणि त्यांच्या मागून मोटारसायकली येतील.

चाकदुरुस्ती (कोल्हापूर) यांचे उत्तर :

मी फक्त सायकलविषयी लिहितो. ३८ मिलिमीटरच्या टायरवर हा मार्ग होईल, पण फ्रेममध्ये जागा असल्यास ४२ ते ४५ मिलिमीटरचे टायर घालावेत आणि ते ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून घ्यावेत. सड्यावरची झिजलेली जांभ्याची खडी गोल नसते. तिच्या कडा धारदार असतात आणि ती टायरच्या तळापेक्षा बाजूची भिंत कापते. असा काप सीलंटने (टायरमध्ये भरायच्या, भोके बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही आणि प्लगही त्यात टिकत नाही, म्हणून जुन्या टायरचे बोटभर लांबीचे दोन तुकडे आतून लावण्यासाठी जवळ ठेवावेत. करवंदीच्या काट्यांना मात्र सीलंट पुरते. ते निघण्याच्या आठवड्यात नव्याने भरावे, कारण कोकणच्या उकाड्यात ते लवकर वाळते. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाने ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवावी, मागच्या चाकात थोडी अधिक. सामान मागे लादलेले असेल तर त्याहून वाढवावी.

गिअरकडे लक्ष द्यावे. या किनाऱ्यावर सलग मोठा चढ कुठेच नाही, पण प्रत्येक खाडीला उतरायचे आणि पुन्हा घाटी चढून सड्यावर यायचे, असे दिवसभर चालते. हे चढ लहान असले तरी अंगावर येणारे आहेत आणि सैल मुरुमावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरते. पुढे ४० दातांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) असेल तर मागे ४२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) असावी, म्हणजे बसून चढता येते. ब्रेक पॅड नवे असावेत.

साखळीला दाट तेल लावू नये. त्यात लाल धूळ मिसळली की तयार होणारे लुकण वाळूच्या कागदासारखे दात झिजवते. मेणाचे किंवा कोरडे वंगण लावावे आणि रोज संध्याकाळी साखळी फडक्याने पुसावी. पुळणीवरून गेलात तर त्याच दिवशी मुक्कामी गोड्या पाण्याने सायकल धुवावी, मात्र हबवर आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगवर जोराची धार मारू नये. खारे पाणी रात्रभर राहिले की सकाळी स्क्रूंच्या डोक्यांवर गंज दिसतो.

पिण्याच्या पाण्याची सोय प्रत्येकाने किमान तीन लिटरची करावी. सड्यावर सावली नाही आणि पाणवठे डिसेंबरपर्यंत आटत आलेले असतात. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा आपला बेत अगदी योग्य आहे. तीच वाट उलट दिशेने केली तर दुपारनंतर प्रत्येक सड्यावर वारा तोंडावर येतो.

गवतफूल (सावंतवाडी) यांचे उत्तर :

सड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करणारी म्हणून थोडी भर घालते. डिसेंबरात सडा वाळलेला, मेलेला दिसतो, आणि म्हणूनच तो कुठूनही तुडवला तर काय बिघडते असे चांगल्या माणसांनाही वाटते. कातळाच्या खळग्यांत जी माती असते ती बहुधा बोट-दोन बोटे जाडीची असते. तेवढ्या मातीत सीतेची आसवे, गेंद, कवला, दवबिंदू यांच्या बिया पुढच्या पावसाची वाट पाहत पडलेल्या असतात. पहिल्या सरींनंतर जिची पांढरी फुले सड्यावर दिसतात ती दीपकाडी, जी कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडे जवळजवळ कुठेच उगवत नाही, तिचा कांदाही अशाच उथळ मातीत निजलेला असतो. ब्रेक लावून चाक घसरले की ती माती खरवडून निघते, वाऱ्याने उडते, आणि उघडा पडलेला कातळ पुन्हा मातीने झाकायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही.

चाकोरीची गोष्ट निराळी आहे. बैलगाड्यांनी आणि गुरांनी जी पट्टी वर्षानुवर्षे तुडवली आहे तिच्यात नव्याने बिघडण्यासारखे फारसे उरलेले नाही, आणि म्हणूनच माझा सायकलला सरसकट विरोध नाही. अट एकच: चाकोरीत पाणी साचलेले असेल किंवा मोठा दगड असेल तर बाजूच्या गवतातून वळसा घालू नये, उतरून त्याच चाकोरीतून सायकल पलीकडे न्यावी. वळशाने वाट रुंद होते, दुसरा त्याहून मोठा वळसा घेतो, आणि पाहता पाहता एका चाकोरीच्या तीन होतात. साताऱ्याच्या कास पठारावर, जे २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, गर्दीला आवर घालण्यासाठी प्रवेशाची मर्यादा ठरवावी लागली; आमच्या किनाऱ्यावरच्या सड्यांना अशी कोणतीही राखण नाही.

आणखी एक. हाच मार्ग कोणी मार्च ते जून या काळात करू इच्छित असेल तर सडा पूर्णपणे टाळावा. पीतमुखी टिटवी उघड्या कातळावर, खडीच्या चार दगडांमध्ये अंडी घालते. अंड्यांचा रंग त्या खडीशी इतका मिळताजुळता असतो की उभे राहून पाहतानाही ती नजरेला पडत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर पुढे न जाता आल्या वाटेने मागे फिरावे.

सड्यावरचा (रत्नागिरी) यांचे उत्तर :

जीपीएस नोंदीच्या बाबतीत खाडीकाठ यांच्याशी माझे थोडेसे मतांतर आहे. काहीच खुले केले नाही तर पुढचा सायकलस्वार उपग्रहाचे छायाचित्र पाहून स्वतःची रेषा आखेल, आणि ती बहुधा चिरेखाणीकडे, बांधावर किंवा पुळणीच्या माथ्यावरून जाईल. त्यापेक्षा डांबरी रस्ते आणि गावाने वहिवाटीचे म्हणून सांगितलेले मातीचे रस्ते एवढीच नोंद खुली करावी. कातळशिल्पांच्या जागा, बांध, तळाशीलचे टोक आणि खासगी बागांमधल्या वाटा तीतून काढून टाकाव्यात. नोंदीबरोबर हंगाम लिहावा, आणि कोणत्या गावात कोणाशी बोलून निघावे हेही, माणसाचे नाव न देता, लिहावे. सायकलची अनेक संकेतस्थळे सर्वांच्या नोंदी एकत्र करून नकाशावर ठळक रेषा उमटवतात. त्यातून बाहेर राहण्याची सोय प्रत्येकाच्या खात्यात असते, ती निघण्यापूर्वीच वापरावी.

पाच ही संख्या मला योग्य वाटते. त्याहून मोठा गट अरुंद चाकोरीत मावत नाही.

खाडीकाठ (आचरा परिसर) यांचे उत्तर :

गावे विचारून गाळलेली नोंद असेल तर माझी हरकत नाही. पुळणीचा कोणताही भाग तीत नसावा, ओल्या वाळूचाही नको. भरती-ओहोटीची वेळ नकाशावर दिसत नाही.

कच्चीवाट (पुणे) :

सर्वांचे मनापासून आभार. बांध आणि सड्यावरचे आडरस्ते आम्ही बेतातून काढून टाकले आहेत. पावस, कशेळी, आडिवरे, आंबोळगड, मग डांबरी रस्त्याने देवगड, आणि पुढे कुणकेश्वर, मिठबाव, आचरा असा मार्ग ठरवला आहे. पूर्णगड ते आंबोळगड या भागातल्या गावांत या आठवड्यातच फोन करणार आहोत. टायर ४२ मिलिमीटरचे ट्यूबलेस घेत आहोत. शेवटची एक शंका: तळाशीलहून होडीने सर्जेकोटला उतरून मालवण गाठता येईल का, की आचऱ्याला परत यावे?

खाडीकाठ (आचरा परिसर) यांचे उत्तर :

होडीवर विसंबून बेत आखू नये. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ जोराचा असतो, आणि पाच माणसे व पाच सायकली एका लहान होडीत घालणे कोणताही जाणता तांडेल (होडीचा प्रमुख) मान्य करणार नाही. पट्टी पाहून त्याच रस्त्याने आचऱ्याला परत यावे आणि कोळंबमार्गे मालवण गाठावे; तो रस्ताही शांत आहे. निघण्यापूर्वी आचऱ्यात एक चौकशी मात्र अवश्य करावी. काही वर्षांच्या अंतराने हिवाळ्यात, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल (देवाची संमती) झाला की, आचऱ्याची गावपळण होते आणि सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातो. ती आपल्या तारखांना आली तर आचऱ्यातला मुक्काम मुणग्यात किंवा मिठबावला हलवावा लागेल, आणि त्या दिवसांत गावात शिरूही नये.